उघड्यावरचे नाटक आणि बोलका प्रेक्षक

नाटक पडले ते नटांमुळे की प्रेक्षकांमुळे, हा वाद आपल्या सांगलीला नवा नाही. ज्या गावात मराठी नाटकाचा पाळणा हलला, त्या गावात नाटकाइतकाच नाटकावरचा वादही जुना असायचा. परंतु गेल्या मार्गशीर्षात धारवाडला एका उघड्या रंगमंदिरात एक नवे शहरी नाटक पाहिले आणि त्या रात्रीपासून हा वाद मला निराळाच दिसू लागला आहे. त्या रात्री नाटकापेक्षा प्रेक्षकच अधिक पाहण्यासारखे होते. त्यांच्यात बसून मी स्वतः एक चूक केली, तीही येथे सांगायची आहे.

संगीताच्या परीक्षांच्या निमित्ताने वर्षातून एकदा मला हुबळीला जावे लागते. काम आटोपले की 'चिगरी' बस धरून धारवाड गाठायचे आणि मावसभावाकडे मुक्काम करायचा, हा माझा शिरस्ता. दादा तिकडे वकिली करतात. त्यांचे घराणे जमखंडी संस्थानच्या नोकरीत पाच पिढ्यांपूर्वी कुंदगोळला गेले आणि तिथून धारवाडला सरकले. कुंदगोळ हुबळीच्या अगदी जवळ, पण मुलूख जमखंडीकर पटवर्धनांचा. आपल्याकडच्या कितीतरी घरांची पाळेमुळे त्या बाजूला अशीच पसरलेली आहेत, हे वाचकांस ठाऊक आहे. घरात मराठी, दारात कानडी आणि कोर्टात इंग्रजी, अशी तीन भाषांची उठबस दादांकडे सुखाने चालते.

"चल, बंगळूरच्या मुलांचं नाटक आहे," दादा म्हणाले. "कानडी आहे, पण तुला कळेल." वहिनींनी थर्मास आणि शाल बरोबर दिली. थंडी चांगलीच होती. रंगमंदिर म्हणजे दगडी पायऱ्यांचा अर्धगोल, समोर चौथरा आणि वर आकाश. पुढे दोन रांगा खुर्च्यांच्या; त्या पाहुण्यांसाठी. दादांमुळे मलाही खुर्ची मिळाली. मागे पायऱ्यांवर मात्र सगळे धारवाड बसले होते. कॉलेजची मुले, पेन्शनर मंडळी, सतरंजी अंथरून बसलेल्या बायका, हातात गिरमिटाच्या पुड्या. कुणी कुणाला हाका मारीत होते, कुणी जागा धरीत होते. सत्कार आणि भाषणे यांत पाऊण तास गेला. मग दिवे मंद झाले.

नाटक साधे होते. बंगळूरच्या एका उंच इमारतीतले चौदाव्या मजल्यावरचे घर. मुलगा आणि सून दोघेही संगणकाच्या नोकरीत. धारवाडकडच्या एका गावाहून वडील तिथे राहायला आले आहेत. गावचे घर विकायचे की नाही, एवढाच प्रश्न. मोठे प्रसंग नाहीत, खलपुरुष नाही, गाणे तर नाहीच. माणसे थोडे बोलतात आणि पुष्कळ गप्प बसतात. नव्या शहरी नाटकाची ही रीत आता आपल्याही परिचयाची झाली आहे.

आता प्रेक्षकांचे सांगतो. पहिला हशा पिकला तो वडिलांच्या पहिल्याच वाक्याला. विनोद काही नव्हता. नट बंगळूरकडचा होता आणि धारवाडी बोली बोलू पाहत होता. ती बोली त्याने सिनेमातून उचललेली असावी, कारण तीत गावंढळपणा होता, पण गाव नव्हते. धारवाडला आपल्या बोलीचा अभिमान आहे. ज्यांच्या घरची भाषा मराठी, त्या द. रा. बेंद्र्यांनी याच बोलीत कविता लिहिली आणि कानडीचे ज्ञानपीठ मिळविले. त्या गावात ही बोली चुकीची बोलली गेली, म्हणून लोक हसले. नट मात्र समजला की आपला विनोद साधला, आणि तो पुढे आणखी चुकीचे बोलू लागला.

दुसरा हशा निराळा होता. मुलगा एका खोलीत बसला आहे, वडील दुसऱ्या खोलीत. जेवण तयार झाल्याचे मुलगा वडिलांना मोबाइलवर संदेश पाठवून कळवितो. वडील चष्मा शोधतात, संदेश वाचतात आणि उठतात. लेखकाच्या मनात तिथे करुण रस असावा. पायऱ्यांवर मात्र हास्याचा असा लोंढा आला की पुढची चार वाक्ये ऐकूच आली नाहीत. खुर्च्यांवरच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहून माना हलविल्या.

तिसरा प्रसंग दुसऱ्या अंकातला. घरात कुणी नाही. वडील मधोमध उभे राहतात आणि रिकाम्या घराला विचारतात, "कुणी आहे का?" त्यानंतर लांब स्तब्धता. ती स्तब्धता सुरू होते न होते तोच माझ्या मागून एका वृद्ध बाईंचा स्पष्ट आवाज आला, "नाव् अदीवी, हेळ्री." आम्ही आहोत, सांगा. काही मुले खिदळली. नट क्षणभर अडखळला, मग वर न पाहता त्याने पुढचे वाक्य घाईने उरकले. मी मागे वळलो आणि त्या बाईंकडे डोळे वटारून पाहिले. माझी चूक ती हीच.

शेवट असा, की घर विकले जाते आणि वडील गावच्या घराची किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवतात. दिवे गेले, पुन्हा आले, नटमंडळी रांगेत उभी राहिली. टाळ्या झाल्या नाहीत. अक्षरशः अर्धे मिनिट कुणी हलले नाही. मग खुर्च्यांवरून शिष्टाचाराच्या टाळ्या सुरू झाल्या, त्या मागे पोहोचेपर्यंत नट आत निघून गेले होते. पायऱ्यांवरची माणसे हळूहळू उठली, सतरंज्या झटकून घडी करू लागली. फारसे कुणी बोलत नव्हते.

रंगमंचामागे चहा होता. तरुण नट मंडळी उदास होती. बंगळूरला म्हणे या प्रयोगाला लोक उभे राहून टाळ्या देतात. "माझी लय तुटली," वडिलांचे काम करणारा म्हणाला. दादा त्यांची समजूत घालीत होते, "आमच्या लोकांना नव्या नाटकाची सवय नाही, मनावर घेऊ नका." मीही मान डोलाविली. घरी येताना दादा म्हणाले, "अरे, आमच्याकडे अजून कंपनीच्या नाटकातला प्रेक्षक बसलाय. त्याला वाटतं, नटाशी बोलायचं असतं." मी यालाही हो म्हटले. मग अंथरुणावर पडल्यावर 'लय तुटली' हे शब्द डोक्यात फिरू लागले, आणि झोप लागेना.

लय हा आमच्या धंद्यातला शब्द. माझे वडील संस्थानी दरबारचे गवई. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली तेव्हा ते विशीच्या आसपास होते. मी त्यांचे शेंडेफळ, त्यांच्या उतारवयातले. ते सांगत, की दरबारात दादेलाही अनुक्रम असे. सरकारांची मान हलल्याखेरीज दुसऱ्या कुणी 'वा' म्हणायचे नाही. गाणे उत्तम होई, पण गवयाला ते कुठे पोहोचले हे कळत नसे. दरबार संपला आणि पोटासाठी देवळाच्या अंगणात गाण्याची पाळी आली. तिथे एके रात्री, समेवर नव्हे तर समेच्या किंचित आधी, मागे बसलेला एक भाजीवाला 'हां!' असे ओरडला. वडील म्हणत, "माझी लय त्या दिवशी तुटली नाही, त्या दिवशी मला ती सापडली." ही गोष्ट त्यांनी मला दहा वेळा तरी सांगितली असेल. आणि धारवाडला तशाच एका आवाजाकडे मी डोळे वटारून पाहिले!

प्रश्न असा, की प्रेक्षकाने कसे वागावे हे ठरविले कुणी? आपण समजतो की अंधारात मुकाट बसणे हीच सभ्यता आणि ती फार पुरातन आहे. वस्तुतः ती अगदी अलीकडची. युरोपातही शतकानुशतके नाटक दिव्यांच्या उजेडात आणि बोलक्या प्रेक्षकांसमोर होत आले. रिचर्ड वाग्नर या जर्मन संगीतकाराने १८७६ मध्ये बायरॉइट येथे आपले नाट्यगृह उघडले, तिथे प्रेक्षागृह अंधारे केले; मग ती चाल हळूहळू सर्वत्र रूढ झाली. म्हणजे आपल्या किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले, त्याच्या जेमतेम चार वर्षे आधीची ही गोष्ट.

भरतमुनींना विचारावे तर नाट्यशास्त्रात 'सिद्धी' या विषयावर स्वतंत्र अध्याय आहे. प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखावे, याचीच ती चर्चा. सिद्धी दोन प्रकारची, मानुषी आणि दैवी. मानुषी सिद्धीत प्रेक्षक स्मित करतात, मोठ्याने हसतात, 'साधु', 'अहो' म्हणतात, करुण प्रसंगी 'कष्टम्' असा उद्गार काढतात, त्यांच्या अंगावर रोमांच येतो, ते जागेवरून उठतात, वस्त्रे आणि अंगठ्या नटांकडे टाकतात. दैवी सिद्धीत यातले काहीच नाही. मंडप भरलेला, पण आवाज नाही, गडबड नाही. भरतमुनींनी एकीला सभ्य आणि दुसरीला असभ्य म्हटलेले नाही. दोन्ही यशच. आणि विघ्ने वेगळी मोजली आहेत. वारा, पाऊस, आग ही दैवाची. मुद्दाम केलेला आरडाओरडा ही वैऱ्यांची. आणि वाक्य विसरणे, मुकुट पडणे ही नटाची स्वतःची.

योगायोग पाहा. या नाट्यशास्त्राचा इंग्रजी अनुवाद करणारे आद्य रंगाचार्य, म्हणजेच कानडीचे नाटककार 'श्रीरंग' (१९०४–१९८४), धारवाडच्याच कर्नाटक कॉलेजात संस्कृत शिकवीत होते. आणि कानडी रंगभूमीवर शहरी मध्यमवर्गाचे, प्रश्न विचारणारे नवे नाटक रुजविण्याचे श्रेयही त्यांचेच मोठे. म्हणजे 'नव्या नाटकाची सवय नाही' हे वाक्य दादांनी ज्या गावाविषयी उच्चारले, त्या गावात नव्या नाटकाचा उगम होऊन पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

आता या मुलखाच्या प्रेक्षकाची तालीम कोणत्या शाळेत झाली ते पाहू. १८४२ मध्ये उत्तर कानड्यातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली. त्यांचा खेळ पाहून श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करण्यास सांगितले, आणि १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' झाले. तेव्हा आपल्या नाटकाची पहिली प्रेरणा कानडी. पुढे तीच वाट उलटी चालली. मराठी नाटक मंडळ्या हुबळी, धारवाड, गदगकडे जाऊ लागल्या आणि त्यांचा तिथे एवढा दबदबा झाला की, आपल्या भाषेत नाटक का नसावे, या ईर्ष्येने शांतकवींनी १८७० च्या दशकात गदगला कानडी नाटक मंडळी उभारली. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. मल्लिकार्जुन मन्सूरांचे बालपण नाटक मंडळीत गेले. धारवाडच्या रंगायणाच्या आवारातल्या खुल्या रंगमंदिराला नाव आहे ते पंडित बसवराज राजगुरूंचे, एका गवयाचे. त्या मुलखात नाटक आणि गाणे यांच्यामध्ये कधी भिंत नव्हती, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

अशा मुलखातला प्रेक्षक आजोबा-पणजोबांपासून दाद देत आलेला आहे. गाण्यात आणि नाटकात तो प्रयोग चालू असताना बोलतो, संपल्यावर नव्हे. 'वन्स मोअर'ची आपण आज थट्टा करतो, आणि बालगंधर्वांच्या काळात तिचा अतिरेक झाला हे खरेच. परंतु त्यामागची समजूत अशी होती, की समोरचा कलावंत आणि मी मिळून ही रात्र घडवीत आहोत. नव्या शहरी नाटकाने ही समजूत नाकारली. त्याने चौथी भिंत उभी केली. प्रेक्षक म्हणजे भिंतीच्या फटीतून दुसऱ्याच्या घरात डोकावणारा शेजारी. बंद नाट्यगृहात, अंधारात ही योजना चांगली चालते. उघड्यावर, आकाशाखाली, रस्त्यावरच्या बसचा भोंगा ऐकू येत असताना ती भिंत उभीच राहत नाही. मग भिंत नाही म्हणून प्रेक्षक बोलला, तर दोष त्याचा कसा?

याचा अर्थ अंधाराची आणि स्तब्धतेची जादू खोटी, असे मी म्हणत नाही. गिरीश कार्नाडांनी स्वतःचा अनुभव सांगून ठेवला आहे. सिरसीला नाटक मंडळ्यांचे खेळ आणि यक्षगान पाहत वाढलेला, धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून पदवी घेतलेला हा तरुण मुंबईला शिकायला गेला आणि तिथे त्याने इब्राहिम अल्काझींचे 'मिस ज्युली' पाहिले. स्ट्रिंडबर्गचे ते नाटक, त्यातले एकमेकांना फाडून खाणारे मन, आणि रंगमंचावर हळूहळू उजळणारा आणि हळूहळू विझणारा प्रकाश! त्या रात्रीने तो हादरून गेला. १९६१ मध्ये त्याचे 'ययाती' प्रसिद्ध झाले ते धारवाडच्याच मनोहर ग्रंथमालेकडून. म्हणजे धारवाडच्या प्रेक्षकाला नवे नाटक कळत नाही म्हणावे, तर त्याच प्रेक्षकांतला एक पुढे नव्या भारतीय नाटकाचा आधारस्तंभ झाला.

आणि पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. १९७२ मध्ये बंगळूरला ब. व. कारंतांनी रवींद्र कलाक्षेत्राच्या मागच्या उघड्या जागेत 'ईडिपस', 'संक्रांती' आणि 'जोकुमारस्वामी' ही नाटके केली. कानडी रंगभूमीच्या इतिहासात तो वळणाचा दगड मानतात. ईडिपसची भूमिका कार्नाडांची. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्याला तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' आले. नाना फडणविसांच्या चित्रणावरून आपल्यासारख्या घरांतून केवढा क्षोभ झाला, ते जुन्या वाचकांस आठवत असेल. एकोणीस प्रयोगांनंतर ते बंद पडले. थिएटर अकादमीने ते पुन्हा उभे केले आणि १९८० मध्ये ते युरोपात गेले. १९७४ मध्ये सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' आले. त्यात मेलेला मनुष्य स्वतःच कीर्तन करतो. कीर्तनात कुठे हसायचे हे मराठी प्रेक्षकाला आजोबांनी शिकविलेलेच होते, त्यामुळे मरणावर हसताना तो बावरला नाही. ही नाटके काही जुनी नव्हती. चांगली झणझणीत आधुनिक होती. परंतु त्यांनी प्रेक्षकाच्या जुन्या सवयीला घरात बसायला पाट दिला होता. ज्या नव्या नाटकाने पाट मांडला नाही, तिथे प्रेक्षक उभाच राहिला आणि मग त्याला उभे राहण्याबद्दल बोल लागला.

आता पुन्हा त्या रात्रीकडे वळतो. संदेशाच्या प्रसंगाला लोक एवढे का हसले? खुर्च्यांवरच्यांना वाटले, करुण रस कळला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना वहिनींनी सहज सांगितले, "अहो, आमच्या गल्लीत घरटी एक मूल बंगळूरला, नाहीतर पुण्याला, नाहीतर परदेशी. दिवाळीला येतात आणि माडीवरून मला फोन करून विचारतात, आई, चहा झाला का?" तेव्हा ते हसू न कळल्याचे नव्हते, पुरते कळल्याचे होते. आपलेच बिंग फुटल्यावर माणूस जसा हसतो तसे. असे हसू आणि रडू यांच्यामध्ये अंतर फार थोडे असते. ते अंतर नटाने ओळखले असते, थोडा थांबला असता, तर त्या हास्याच्या पोटातून तीच पायरी करुणाकडे उतरली असती. मैफिलीत गवई असाच थांबतो. दाद विरू देतो आणि मग पुढचा सूर लावतो. नटाने लोकांच्या हास्यावरून आपली वाक्ये रेटून नेली. लय तिथे तुटली, आणि ती तोडणारे लोक नव्हते.

शहराचा प्रश्न हा आता धारवाडला दुरून पाहण्याचा राहिलेला नाही. १९६२ पासून हुबळी आणि धारवाड मिळून एक महानगरपालिका आहे. २०२५ च्या आरंभी कर्नाटक सरकारने धारवाडसाठी स्वतंत्र महानगरपालिकेला मान्यता दिली. २०१६ पासून तिथे आय.आय.टी. आहे. गाव शहर होऊ लागले आहे आणि त्याच वेळी गावातली मुले अधिक मोठ्या शहरांत चालली आहेत. कार्नाडांनी हे ओळखले होते. त्यांचे 'वेडिंग आल्बम' हे नाटक धारवाडच्याच एका सारस्वत घरातले. मुलगी परदेशातल्या स्थळाला द्यायची आहे आणि घरातले प्रत्येक माणूस काही ना काही दडवीत आहे. पुढे त्यांनी बंगळूर शहरावर 'बेंद काळू ऑन टोस्ट' लिहिले. वाट चुकलेल्या राजाला एका म्हातारीने उकडलेले दाणे दिले, म्हणून त्या गावाला ते नाव पडले अशी दंतकथा आहे. नाटकाचे नाव तिच्यावरून. ते मराठीत प्रदीप वैद्य यांनी 'उणे पुरे शहर एक' म्हणून आणले, मोहित टाकळकरांनी पुण्याच्या आसक्त संस्थेसाठी बसविले, आणि बंगळूरच्या जागी पुणे घातले. म्हणजे शहराचे नाव बदलले तरी नाटक तेच राहिले. मग ते पाहताना धारवाडच्या किंवा सांगलीच्या पायरीवर बसलेला माणूस गप्प कसा राहील? गोष्ट त्याचीच आहे.

राहिली शेवटची ती स्तब्धता. टाळ्या नाहीत म्हणून नट हिरमुसले. परंतु भरतमुनींच्या हिशेबाने पाहावे, तर मंडप भरलेला, आवाज नाही, गडबड नाही. पायऱ्यांवरच्या लोकांनी प्रथम हसून, बोलून मानुषी सिद्धी दिली आणि अखेरीस काही न बोलता दैवी. एका रात्रीत दोन्ही पदरात पडल्या. घेणाऱ्यांना त्या दिसल्या नाहीत आणि आम्हां जाणत्या म्हणविणाऱ्यांनाही नाहीत. उलट आम्ही त्या अर्ध्या मिनिटात टाळ्या घुसडून ती स्तब्धता मोडली.

एका बाजूनेच बोलणे न्यायाचे होणार नाही. पायऱ्यांवरच्यांचे दोषही होते. पाच-सहा जण सबंध वेळ मोबाइल उंच धरून चित्रण करीत होते, त्या उजेडाने मागच्यांना दिसत नव्हते. एकाचा फोन तीनदा वाजला आणि तिसऱ्यांदा तो त्यावर बोललासुद्धा. ही दाद नव्हे. दाद समोरच्या कलावंताला असते. फोन हातात धरलेला माणूस तिथे नसलेल्या कुणाशी तरी बोलत असतो. भाजीवाल्याचे 'हां' आणि फोनची घंटा यांतला फरक कळणे हेच रसिकाचे शिक्षण, आणि ते शिक्षण उपहासाने होत नाही.

म्हणून काही सुचवावेसे वाटते, धारवाडसाठी आणि आपल्यासाठीही. उघड्यावर प्रयोग करणाऱ्या मंडळींनी आदल्या संध्याकाळी त्या जागेत तालीम करावी आणि पायऱ्यांवर गावची दहा माणसे बसवावी; बोली कुठे चुकते आणि हसू कुठे येते, ते आधीच कळेल. सत्कार नाटकानंतर करावेत. पाऊण तास थंडीत कुडकुडलेला प्रेक्षक पहिल्या स्तब्धतेला खोकणारच. प्रयोग संपल्यावर नटांनी लगेच आत न जाता दहा मिनिटे चौथऱ्यावर बसावे आणि लोकांना बोलू द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खुर्च्यांवर बसणाऱ्या आपल्यासारख्या जुन्या घराण्यांनी, मागे वळून पाहण्याची सवय सोडावी. नव्या नाटकाशी आपली ओळख आहे हे दाखविण्यासाठी आपण मागच्यांना अडाणी ठरवितो. त्याने नाटकाचे भले होत नाही. मागचा माणूस पुढच्या वेळी येत नाही, एवढेच होते. पायऱ्या रिकाम्या झाल्या, की खुर्च्यांपुरते नाटक कुणी करीत नाही, हे गेल्या काही दशकांत गावोगावी आपण पाहिलेच आहे. कानडी की मराठी हा इथे प्रश्नच नाही. दोन्हीकडच्या पायऱ्या सारख्याच रिकाम्या होतात.

त्या बाईंचे सांगायचे राहिले. प्रयोग संपल्यावर फाटकापाशी त्या दिसल्या. नातीचा हात धरून रिक्षाची वाट पाहत होत्या आणि नातीशी मराठीत बोलत होत्या. "आजी, तू मध्येच का बोललीस?" नात विचारीत होती. त्या म्हणाल्या, "अगं, विचारलं ना त्यांनी. कुणीच उत्तर दिलं नाही, मग मी दिलं." मी दोन पावलांवर उभा होतो. क्षमा मागायची होती, पण तेवढ्यात रिक्षा आली आणि त्या बसून गेल्या. पुढल्या मार्गशीर्षात पुन्हा जाणार आहे. दादांना आताच सांगून ठेवले आहे की, या वेळी माझी खुर्ची धरू नका, मी पायरीवर बसेन.